फौजदारचं नाक

"हे काय आहे? बोल! काय आहे हे?"

पोळपाटावरची पोळी अर्धवट टाकून मी बाहेर धावले. हातात लाटणं तसंच. आणि दारातच पाय थिजले माझे. नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, फौजदारचं मानगूट धरलं होतं आणि त्याचं नाक ते फरशीवरच्या ओलीत घासत होते. एकदा घासलं, वर उचललं, परत घासलं. कुत्रं केकाटेना की गुरगुरेना. कान पाडून, पाय फाकून मुकाट्याने सोसत होतं.

"नाना! सोडा त्याला!"

"ह्याला असंच शिकवावं लागतं." नानांना धाप लागली होती. "घाण केली की त्यातच नाक घासायचं. त्याशिवाय कळत नाही ह्यांना."

नाना म्हणजे सांगलीतले मेहेंदळे सर. अख्खी हयात हायस्कूलमध्ये गेली, शेवटी मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले, पण कधी हातात छडी धरली नाही. पोरांनी खोटं बोलू नये म्हणून मारायचंच नाही, असं ठरवलं होतं त्यांनी. "मार बसत नाही म्हटल्यावर खोटं कशाला बोलेल पोरगं?" हे त्यांचं वाक्य गावात अजून लोक सांगायचे. तो माणूस एका मुक्या जनावराची मान दाबून उभा होता.

मी मध्ये पडून फौजदारला ओढून घेतलं. पदराने त्याचं नाक पुसलं. तेवढ्यात सासूबाई, माई, आतून आल्या. हातात गोमूत्राची बाटली. त्यांनी ओल पुसली, वर चार थेंब शिंपडले, आणि कुणाकडेही न बघता परत आत गेल्या. रोजचंच होतं ते.

फौजदार माझ्या बाबांचा कुत्रा. चांगला गावठी, तांबूस, एका कानाला भोक पडलेला. बाबा गेले त्या दिवशी तो इस्लामपूरच्या आमच्या घराच्या पायरीवर बसून राहिला तो उठेचना. आई आधीच गेलेली, भाऊबहीण कुणी नाही. घराला कुलूप लावताना मी त्याला म्हटलं, चल रे बाबा, आता तुझं माझ्याशिवाय आणि माझं तुझ्याशिवाय माहेरचं कोण आहे? आणि रिक्षात घालून सांगलीला घेऊन आले. घरात कुणी नको म्हणालं नाही. माई तर म्हणाल्या, "असू दे गं, दुःखात आहेस तू."

बाबांकडे ह्या कुत्र्याने घरात एकदाही घाण केली नव्हती. अगदी पावसापाण्यातसुद्धा दाराशी जाऊन उभा राहायचा आणि एकदाच भुंकायचा. कडी काढली की बाहेर जाऊन यायचा. बाबा अभिमानाने सांगायचे, "आमचा फौजदार तुमच्यापेक्षा शिस्तीचा."

आणि इथे आल्यापासून, नानांच्या खुर्चीपाशी ओल! कधी खुर्चीखाली, कधी खुर्चीपासून मोरीच्या दारापर्यंत. मला लाजेने मेल्यासारखं व्हायचं. सासरी आणलेलं माहेरचं कुत्रं, आणि त्याचे हे प्रताप.

त्या संध्याकाळी नाना जेवायला बसले नाहीत. श्रीनिवास, माझा नवरा, कामावरून आला तर ताट झाकलेलं. नाना एवढंच म्हणाले, "ह्या घरात एकतर कुत्रं राहील, नाहीतर मी." श्रीनिवासने त्याच रात्री निकाल लावून टाकला. तासगाव रस्त्याला खराडे म्हणून एकाची पोल्ट्री होती, त्याला राखणीला कुत्रं हवंच होतं. रविवारी येऊन घेऊन जाणार.

"अहो, तिथे साखळीला बांधतील त्याला! दिवसभर कोंबड्यांच्या घाणीत!" मी म्हणाले.

"मग काय करू? बापाला घराबाहेर काढू?"

"मला रविवारपर्यंत वेळ द्या. मी शिकवते त्याला. नाही शिकला तर मग घेऊन जाऊ देत."

"शिकव बाई. शिकला तर मलाही हवाच आहे," श्रीनिवास म्हणाला. मनाने वाईट नव्हता तो, नुसता दमलेला होता.

दुसऱ्या दिवशी बँकेतली नोकरी उरकून आल्यावर फौजदारला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. म्हातारे, गमत्ये गृहस्थ होते. त्यांनी फौजदारला उलटासुलटा केला, पोट दाबून पाहिलं, म्हणाले, "कुत्रं ठणठणीत आहे. घर बदललं की असं होतं कधी कधी. घड्याळ लावून बाहेर न्यायचं. उठल्याबरोबर, चहापाणी झाल्यावर, जेवल्यावर. बाहेर केलं की शाबासकी द्यायची. आत केलं तर ओरडायचं नाही, मारायचं नाही. आणि ते नाक घासणं बंद करा आधी. त्याने कुत्रं काही शिकत नाही, नुसतं घाबरतं. जागा स्वच्छ धुता ना? कशाने?"

"आधी पाण्याने. मग सासूबाई गोमूत्र शिंपडतात."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई! लघवीचा वास आला की कुत्र्याला वाटतं, ही जागा ह्याचसाठी ठेवलीय. तुम्ही त्याला रोज पाट मांडून आवतण देताय की!"

मला इतकं हसू आलं! सापडलं की कोडं! घरी आले ती नाचतच. माईंना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आता फक्त काही दिवस गोमूत्र बंद ठेवू या, माई. साबणाने धुऊ या."

माई म्हणजे गरीब गाय. सून म्हणून आल्यापासून मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. पण त्या दिवशी त्यांनी बाटली छातीशी धरली आणि म्हणाल्या, "ते बंद व्हायचं नाही."

"अहो पण डॉक्टर..."

"डॉक्टर तुझ्या कुत्र्याचा. घर माझं आहे. मी शिंपडणार म्हणजे शिंपडणार!"

सोवळंओवळं पाळायच्या त्या, पण एवढं? हल्ली तर ते वाढलंच होतं म्हणा. नानांचं धोतर सकाळचं सकाळी धुऊन व्हायचं, तरी दुपारी आणखी एक दोरीवर दिसायचं. म्हटलं, जाऊ दे, वयाबरोबर येतं हे. आणि मी पदर खोचला.

काय नाही केलं त्या आठवड्यात! पहाटे उठून फौजदारला फिरवला. बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत लुनावरून घरी येऊन फिरवला. मधल्या वेळी शेजारच्या जमादारबाई न्यायच्या, त्यांचा फार जीव त्याच्यावर. बाहेर गेला की तो शहाण्यासारखा कुंपणापाशी उरकायचा आणि माझ्याकडे बघायचा, झालं ना म्हणून. मी त्याला शाबासकी द्यायचे. पोळीचा तुकडा द्यायचे. आणि घरात येऊन बघावं तर खुर्चीपाशी ओल.

"आत्ता तर बाहेर करून आलाय हा!" मी म्हणायचे.

"मग ही काय मी केली?" नाना पेपराआडून म्हणायचे.

सगळ्यात नवल म्हणजे फौजदार. ज्याने त्याचं नाक घासलं, त्याच माणसाच्या पायापाशी जाऊन बसायचा. नाना पाय झटकायचे, तो सरकून परत तिथेच. मला त्या कुत्र्याचाच राग यायला लागला होता. अरे गाढवा, कळत कसं नाही तुला, परवा साखळी पडणार आहे गळ्यात!

शनिवारी बँक अर्धा दिवस. दुपारी नानांचे दोन जुने विद्यार्थी यायचे होते. शाळेच्या वर्धापनदिनाला नानांचा सत्कार करायचा होता, त्याचं आमंत्रण द्यायला. दोघंही मोठे साहेब झालेले. नाना सकाळपासून परीटघडीचं धोतर नेसून तयार. मला धास्ती, नेमकं पाहुण्यांसमोर ह्याने काही केलं तर? म्हणून नाना आत देवापाशी असताना मी गुपचूप फौजदारला जमादारबाईंच्या गच्चीवर नेऊन बांधलं. घरात कुणालाच बोलले नाही. उगाच कशाला विषय, म्हटलं.

पाहुणे आले. नानांच्या पाया पडले. मी चहा दिला, चिवडा दिला. गप्पा रंगल्या. त्यातला एक जण मला सांगायला लागला, "वहिनी, मी एकदा फळ्यावरचं डस्टर चोरलं होतं. सरांनी मारलं नाही, नुसतं विचारलं, खरं सांगतोस? आणि मी भडाभडा सांगून टाकलं. अजून खोटं बोलताना सर डोळ्यांसमोर येतात."

नाना हसले. पण ते अवघडून बसल्यासारखे वाटले मला. मध्येच खुर्चीचे हात धरून उठू पाहत होते आणि पाहुण्यांचं बोलणं संपेना म्हणून परत बसत होते. शेवटी पाहुणे उठले, परत पाया पडले, गेले. नाना निरोप द्यायला फाटकापर्यंत गेले नाहीत. खुर्चीतूनच हात जोडले. मला वाटलं, दमले असतील.

मी कपबशा उचलायला वाकले आणि खुर्चीखाली ओल. ताजी. पसरत चाललेली.

मी वर बघितलं. नानांनी माझ्याकडे बघितलं. आणि अगदी शांत, शाळेतल्या आवाजात म्हणाले, "बघ. केलं तुझ्या कुत्र्याने. पाहुण्यांदेखत."

हातातली बशी निसटली माझ्या. फुटल्याचा आवाजही मला ऐकू आला नाही. कुत्रं घरात नाही! कुत्रं घरात नाहीच आहे! हे माझ्या ओठांवर आलं आणि तिथेच अडकलं. आणि तेवढ्यात जमादारबाईंच्या गच्चीवरून फौजदार भुंकला. एकदाच.

नानांनी तो आवाज ऐकला. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खाली. चेहरा पांढराफटक पडला. माई बाटली घेऊन आल्या तेव्हा मी तशीच उकिडवी बसले होते. त्यांनी फरशीवर शिंपडलं, खुर्चीच्या पायांवर शिंपडलं, आणि मग माझ्या डोळ्यांसमोर नानांच्या धोतराच्या काठावरही शिंपडलं.

"चला, बदलून घ्या," असं हळू म्हणून त्यांना हाताला धरून आत घेऊन गेल्या.

मी स्वयंपाकघरात माईंची वाट बघत उभी राहिले. त्या आल्या, तेव्हा माझा पहिला प्रश्न, "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

फौजदार आमच्याकडे आला होता संक्रांतीनंतर. मला धक्क्यावर धक्के बसत होते. "आणि आधी? तेव्हा कुठे होतं कुत्रं?"

"आधी गोमूत्र पुरत होतं." माई ओट्याला टेकल्या. "त्याचा वास आला की दुसऱ्या कशाची चौकशी होत नाही बघ घरात. म्हणतात, म्हातारी सोवळी आहे. मग तू कुत्रं आणलंस. खोटं कशाला बोलू वैजू, मला वाटलं, देवच पावला."

"माई!"

"ओरडू नकोस गं, ऐकू जाईल त्यांना. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. तर म्हणाले, त्या डॉक्टरला मी शिकवलंय, त्याच्यापुढे हे सांगू? त्यापेक्षा मरण बरं."

"आणि त्याचं नाक घासलं ते? ते काय होतं माई? स्वतःच्याच..." तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि त्याच वेळी रडू फुटत होतं.

माईंनी डोळ्याला पदर लावला. "त्या दिवसापासून अन्न गोड लागत नाहीये त्यांना. तुला वाटतं, रागाने जेवत नाहीत."

"माझ्या बाबांचं कुत्रं जातंय उद्या. साखळीला."

"माहीत आहे. पण श्रीनिवासला कळलं, गावात गेलं, तर हे परत बाहेर तोंड दाखवणार नाहीत. तू माझी लेकच आहेस. सांभाळून घे."

मी जमादारबाईंकडे गेले. फौजदारला घेऊन आले आणि त्याला कुशीत घेऊन मागच्या पायरीवर बसून राहिले. मला सारखं वाटत होतं, बाबा असते तर काय म्हणाले असते? तोंड उघडलं तर कुत्रं वाचतं आणि म्हातारा मरतो. गप्प बसले तर उलट. आणि ह्यातलं काही त्या कुत्र्याला ठाऊक नव्हतं. तो माझा हात चाटत होता.

रविवारी सकाळी खराडे जीप घेऊन हजर. गडगंज माणूस, पण नानांच्याच हाताखाली शिकलेला. चप्पल बाहेर काढून आत आला, वाकून पाया पडला.

"काय सर, बरं हाय न्हवं? कुत्रं झकास हाय की! ह्योच का?"

श्रीनिवासने माझ्याकडे बघितलं. मी सगळा धीर गोळा केला. "अहो, डॉक्टर म्हणाले होते, दिवसभर घड्याळ लावून नेलं तर नक्की सुधारेल. मी बँकेत जाते. पण नाना घरी असतात. नानांनी नेलं तर? उठल्यावर, चहानंतर, जेवणानंतर. आणि नेणाऱ्याने आधी स्वतः मोरीत जाऊन यावं, म्हणजे बाहेर घाई होत नाही." शेवटचं वाक्य मी नानांकडे न बघता बोलले. माईंनी श्वास रोखलेला मला कळला.

नानांच्या तोंडासमोरचा पेपर हलला नाही.

"काहीतरीच तुझं," श्रीनिवास म्हणाला. "नाना कुत्रं फिरवणार? आठवडाभर केलंस की सगळं. न्या हो खराडे तुम्ही."

खराडेने दावं काढून फौजदारच्या गळ्यात अडकवलं आणि ओढलं. फौजदारने चारी पाय फरशीवर रोवले. नखं घसरत गेली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो केविलवाणा ओरडला, इतके दिवस कधी ओरडला नव्हता असा. खराडेने आणखी एक हिसका दिला, आणि भीतीने त्या कुत्र्याला तिथेच, सगळ्यांच्या मधोमध, सुटली. धार फरशीवरून वाहत नानांच्या खुर्चीपर्यंत गेली.

"बघ! बघ!" श्रीनिवास ओरडला. "डोळ्यांदेखत! आता तरी पटलं तुला?"

मी तोंड उघडलं. सांगणार होते. देवाशपथ, सांगणारच होते.

"खराडे, दावं सोड," नाना म्हणाले. पेपर खाली होता.

"आं? सर?"

"सोड म्हटलं ना. त्याने हे ह्या घरात आज पहिल्यांदा केलंय."

"नाना, काय बोलताय?" श्रीनिवास म्हणाला. "रोज तर करतोय."

"रोजचं माझं होतं."

श्रीनिवास हसला. त्याला खरंच थट्टा वाटली. मग त्याने माईंचा चेहरा पाहिला, माझा पाहिला, आणि त्याचं हसू तोंडावरच मेलं.

"हसू नकोस, बाळ." नानांचा आवाज फुटला होता, पण ते थांबले नाहीत. "तुझ्या बापाला आता धरवत नाही. खुर्चीतून उठून मोरीपर्यंत पोचत नाही मी. आणि नाव मी ह्याचं घेतलं. रोज घेतलं. नाक घासलं ह्याचं, माझ्याच घाणीत."

खराडेला कुठे बघावं ते कळेना. त्या एवढ्या आडव्यातिडव्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने मुकाट दावं सोडवलं, गुंडाळलं, म्हणाला, "सर, मी आलोच न्हवतो हितं. कुनाला कळायचं न्हाई." आणि नानांच्या पायाला हात लावून तो निघून गेला. पायात चपला न घालता, हातात धरूनच गेला.

नाना उठले. मोरीच्या दारावरचं फडकं स्वतः आणलं. श्रीनिवास पुढे झाला, "नाना, द्या इकडे." त्यांनी दिलं नाही. गुडघ्यावर हात रोवून खाली बसले आणि फौजदारने केलेलं पुसायला लागले. माई सवयीने गोमूत्राची बाटली घेऊन आल्या होत्या. त्या बघत राहिल्या. मग बूच तसंच घट्ट लावून बाटली त्यांनी देवाच्या कोनाड्यात नेऊन ठेवली.

फौजदार भिंतीला चिकटून थरथरत होता. नानांनी फडकं बाजूला टाकलं आणि हात पुढे केला. तो मागे सरला. नानांनी हात तसाच धरून ठेवला. बऱ्याच वेळाने तो पुढे आला, हात हुंगला, आणि चाटायला लागला. नानांचे खांदे हुंदक्याने हलले.

"वैजू," ते खालीच बसून म्हणाले, "काय म्हणाले होते तुझे डॉक्टर? वेळेवर नेलं तर जमतं?"

"हो नाना. उठल्याबरोबर. चहा झाल्यावर. जेवण झाल्यावर. ओरडायचं नाही, मारायचं नाही."

"नाही. मारायचं नाही." त्यांनी ओल्या हाताने फौजदारचं नाक पुसलं. "मग आजपासून शिकव. आम्हा दोघांनाही."